भुवईवरचा अंगठा

मातोरीच्या मोतीरामला खोटं बोलता येत नसे. आता तो काही हरिश्चंद्र नव्हता. वेळ आली की थाप मारायचा, पण तोंड साथ देत नसे. फुलबाजारात झेंडू पडला की परत येताना फाट्यावरच्या टपरीवर कोणीतरी म्हणायचंच, "काय मोतीरामभाऊ, आज माल अंगावर आला वाटतं!" याने अजून सायकलही टेकवलेली नसायची. आणि माल चांगला गेला असला तर विचारायलाच नको, या कानापासून त्या कानापर्यंत हसू.

रंगूबाईने तीस वर्षं संसार केला तो या तोंडाकडे बघून. दोघी मुली दिल्या घरी नांदत होत्या, घरात आता ही दोघंच. तोंड उजळलेलं दिसलं की ती चार गोष्टी सांगायची, उतरलेलं दिसलं की ताट वाढून मुकाट बाजूला बसायची. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि मोतीरामला तर याचा पत्ताच नव्हता. माणसाला स्वतःचं तोंड दिसत नाही, दाढी करताना दिसतं तेवढंच.

शहाण्णव सालचा दसरा. दसऱ्याआधीचे चार दिवस झेंडूवाल्याच्या घरात माणसाने मरायलासुद्धा सवड काढू नये, अशी घाई. मोतीरामच्या अंगणात फुलांचे ढीग पडले होते आणि शेजारची नवसाबाई धरून सात-आठ बायका माळा ओवायला बसल्या होत्या. त्यात रंगूबाईचा हात सगळ्यांत चलाख. तिच्या माळेत फूल असं दाटीने बसायचं की मध्ये बोट घालायला जागा नाही. पण त्या दिवशी ऊन कललं आणि तिच्या पापण्या खाली येऊ लागल्या. आधी डावी, मग उजवी. ती मान मागे टाकून, हनुवटी वर करून, पापण्यांच्या फटीतून सुई बघत ओवत राहिली.

"रंगे, बसल्या बसल्या घोरू नको गं!" नवसाबाई म्हणाली आणि सगळ्या खो-खो हसल्या.

बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. मोतीरामचं डोकं आधीच तापलेलं. तो तिथूनच ओरडला, "सोंग हाय सगळं! कामाचा दिस आला का बरी झोप येती हिला!"

रंगूबाई एरवी ऐकून घेणारी नव्हे. एकास दोन सुनावणारी. त्या दिवशी मात्र तिने पदराने हात पुसले आणि पुढचं फूल उचललं.

दसरा झाला, गर्दी ओसरली. आठ-दहा दिवसांनी मोतीराम मळ्यातून जरा लवकर घरी आला. सायकलची चेन तुटली होती म्हणून हातात धरून, आवाज न करता आला. ओसरीत रंगूबाई एकटीच होती. डाव्या हाताचं बोट तिने पापणीखाली घालून पापणी वर धरली होती. सुईचं बूड गुडघ्याला टेकवलं होतं, दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं होतं, आणि उजव्या हाताने ती एकेक फूल सुईवर चढवत होती. एका हाताने पापणी धरायची आणि एका हाताने माळ ओवायची! सोंग करणाऱ्याला एवढे कष्ट कोणी सांगितलेत?

मोतीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण चुकलं म्हणायची रीत त्यांच्या घराण्यात नव्हती. तो खाकरला, सायकल भिंतीला लावली आणि म्हणाला, "उद्या नाशकाला जाऊ. डोळ्याच्या दवाखान्यात."

"नवसाबाईनी दिष्ट काढली हाय कालच," रंगूबाई म्हणाली.

"काढू दे तिला. आपन जाऊ."

दवाखाना ट्रस्टचा होता, सकाळी नऊ ते एक उघडा. तिथे डॉक्टरांच्या आधी सुवर्णाताईंकडे जावं लागे. पस्तिशीच्या बाई, चष्म्याला दोरी आणि आवाज शाळेतल्या बाईंसारखा खणखणीत. त्यांच्या हातात एक आरपार दिसणारी छोटी पट्टी होती, मुलांच्या कंपासात असते तशी.

"बसा मावशी. ताठ बसा. हे कपाळ आहे ना, हे फार लबाड असतं," त्या रंगूबाईच्या भुवईवर बोट ठेवून म्हणाल्या. "पापणी थकली की हे वरून तिला ओढून घेतं. मग बघणाऱ्याला वाटतं, पापणीच काम करतेय. म्हणून आधी याला गप्प बसवायचं."

त्यांनी अंगठा भुवईवर आडवा ठेवला आणि हाडावर घट्ट दाबला. "आता खाली बघा, पायाकडे." पट्टीचा शून्य पापणीच्या कडेला लावला. "आता डोकं न हलवता वर बघा. छताकडे. अजून वर. हां." पापणी पट्टीवरच्या बारीक रेघा ओलांडत वर गेली. "तेरा."

"पास का नापास?" मोतीरामने विचारलं.

"एकदम पास!" सुवर्णाताई हसल्या.

मोतीरामचं तोंड उजळलं. रंगूबाईने ते बघितलं.

खैरनार डॉक्टरांनी मात्र लगेच पास केलं नाही. म्हातारे गृहस्थ, सावकाश बोलणारे. म्हणाले, "पापणी उचलणारा स्नायू जोरात आहे, तेरा म्हणजे चांगलंच. मग पापणी खाली का येते? याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे, वयामुळे त्या स्नायूची पकड सैल झाली. परकराची नाडी सैल होते ना, तसं. ते छोट्या ऑपरेशनने आवळून देता येतं. दुसरं कारण म्हणजे थकण्याचा आजार. त्यात सकाळी स्नायू पैलवान असतो आणि काम करून करून संध्याकाळी त्यातलं बळ जातं. त्याला गोळ्या असतात. त्यात सुरी लावायची नाही, अजिबात नाही. लावली तर पापणी बिघडते, आणि खरा आजार तसाच आत वाढत राहतो. उद्या गिळणं, श्वास घेणंसुद्धा जड जातं."

"मंग हिचं कोनतं?"

"ते संध्याकाळचा आकडा सांगेल. सकाळी तेरा आणि संध्याकाळीही तेराच, तर नाडी सैल. संध्याकाळी आकडा पडला तर थकण्याचा आजार. संध्याकाळी इथे येता येईल का?"

येता कसलं येतंय! दुपारी तोडा, संध्याकाळी बांधणी, मग फाट्यावर नेऊन टेंपोत भरायचं. एक संध्याकाळ चुकली की फुलं झाडावर सुकतात. आणि दवाखानाही एक वाजताच बंद. डॉक्टरांनी सुवर्णाताईंकडे बघितलं. सुवर्णाताईंनी मोतीरामकडे.

"काका, हात दाखवा बघू. अंगठा."

मोतीरामने अंगठा पुढे केला. भेगाळलेला, आणि वर्षानुवर्षं झेंडू खुडून पिवळा पडलेला.

"चांगला दणकट आहे. ठेवा मावशींच्या भुवईवर."

झालं! चारचौघांत बायकोच्या तोंडाला हात लावायचा म्हणजे मोतीरामला घाम फुटला. अंगठा हवेतच राहिला. रंगूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"काका, लाजताय काय? लग्नाची आहे ना?" सुवर्णाताई म्हणाल्या, आणि बाहेरच्या बाकावरचे पेशंटसुद्धा हसले.

शेवटी अंगठा भुवईवर टेकला. तीन-चार वेळा चुकला, एकदा पट्टी नाकावर गेली, एकदा रंगूबाई "आवो, डोळा फोडता काय!" म्हणून ओरडली. पाचव्या वेळी जमलं. रंगूबाई वर बघत होती आणि मोतीराम वाकून, इतक्या जवळून, रेघा मोजत होता. मध्येच तो थांबला.

"तुझ्या डोळ्यात तीळ हाय," तो म्हणाला. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात, वरच्या अंगाला, मोहरीपेक्षा बारीक तपकिरी ठिपका होता.

"जल्मापासून हाय," रंगूबाई म्हणाली.

तीस वर्षं! आणि हा आत्ता सांगतोय तिला. सुवर्णाताईंनी चष्मा पुसायच्या निमित्ताने मान वळवली.

त्यांनी ती पट्टी मोतीरामला देऊन टाकली. वाटेत त्याने एक वही घेतली. चौथी शिकलेला माणूस, पण अक्षर वळणदार. सकाळी बाजारातून आल्यावर एकदा आणि संध्याकाळी मळ्यातून आल्यावर, उजेड असेतो, एकदा मोजायचं ठरलं.

पहिल्या संध्याकाळी त्याने रंगूबाईला ओसरीच्या पायरीवर बसवलं. दुपारभर फुलं तोडून ती आली होती. अंगठा दाबला, पट्टी लावली. "खाली बघ. आता वर." पापणी जरा उचलली आणि मध्येच अडली. तीळ दिसलाच नाही.

"किती?" तिने विचारलं.

"सात." तो म्हणाला, आणि त्याचं तोंड पडलं. डॉक्टरांचं गिळणं-श्वास त्याच्या कानात वाजत होतं. रात्री त्याने अर्धी भाकर तशीच ताटात ठेवली आणि हात धुतला. दुसऱ्या संध्याकाळी आठ. पुन्हा तेच तोंड.

तिसऱ्या संध्याकाळी मात्र बारा भरले! चौथ्या संध्याकाळी तेरा. पाचव्या तेरा. मोतीराम खूश. त्याने विचार केला, पहिले दोन दिवस आपला हातच बसला नव्हता. अंगठा नीट दाबला नसेल, पट्टी तिरपी गेली असेल. सात म्हणे! म्हणून त्याने वहीचं पहिलं पान टरकावून फेकलं आणि दुसऱ्या पानावर आडव्या-उभ्या रेघा मारून नीटनेटकं लिहायला घेतलं. सकाळ तेरा, सांज तेरा. सकाळ तेरा, सांज तेरा.

गावभर सांगत सुटला. "आमच्या रंगूला आज बी तेरा!" जणू ती मॅट्रिकला बसली होती आणि बोर्डात आली होती. फाट्यावरचा चहावाला तर सायकल दिसली की ओरडायचा, "किती भरले मोतीरामभाऊ?"

आणि खरं सांगायचं तर त्या मोजण्याची त्याला गोडी लागली होती. मळ्यातून येताना तो घंटी वाजवत यायचा. रंगूबाई तोंडबिंड धुऊन, टवटवीत होऊन पायरीवर बसलेली असायची. तो समोर वाकायचा. तिच्या श्वासाला गुळाच्या चहाचा वास यायचा. कपाळावरची आडवी चीर कधीची, कानाजवळचे केस कधी पांढरे झाले, हे सगळं त्याला त्या दोन आठवड्यांत दिसलं. मोजून झालं तरी तो अंगठा लगेच उचलत नसे.

"झालं ना?" ती म्हणायची.

"थांब, नीट बगू दे," तो म्हणायचा. मग फुलं घेऊन फाट्यावर जायचा, आणि रंगूबाई माळा ओवायला बसायची.

पंधरा दिवसांनी खैरनार डॉक्टरांनी वही उघडली. पानावर तेराच तेरा. "काका, वही फार सुरेख ठेवलीत," ते म्हणाले. त्यांनी पुन्हापुन्हा पान बघितलं, रंगूबाईकडे बघितलं. "संध्याकाळीही पडत नाही म्हणजे थकण्याचा आजार नव्हे. नाडीच सैल झालीय. करून टाकू ऑपरेशन." त्यांनी डिसेंबरातला मंगळवार दिला.

ऑपरेशनच्या मंगळवारी दवाखाना संध्याकाळपर्यंत चाले, आणि त्या दिवशी यादी लांबलचक होती. यांचा नंबर दुपारनंतर. आता रंगूबाईला रिकामं बसवेल का? मार्गशीर्षातले गुरुवार चालू, हारांची मागणी भरपूर. तिने येतानाच फुलांची पिशवी आणि सुई-दोरा आणला होता. बाकावर बसून ओवत राहिली. मोतीराम तिला दोन-तीनदा म्हणाला, "आज तरी ऱ्हाऊ दे." ती म्हणाली, "हात मोकळे असले का जीव घाबरतो." बरोबरच होतं. तिला सुरीची भीती वाटत होती, पण बोलत नव्हती.

ऑपरेशनच्या आधी प्रत्येकाला पुन्हा एकदा मोजायचं, हा सुवर्णाताईंचा नेम होता. त्या दोन वाजता आल्या. रंगूबाईच्या मांडीवर चार हातांची माळ झाली होती आणि हनुवटी वर गेली होती.

"खाली बघा मावशी. आता वर."

सुवर्णाताईंनी पट्टी काढली, पुन्हा लावली. "सहा," त्या हळूच म्हणाल्या.

"ताई, अंगठा सरकला तुमचा," मोतीराम पटकन म्हणाला. बघा, ज्यांनी शिकवलं त्यांनाच! "पयले दोन दिस माझं बी असंच व्हायचं. थांबा, मी दावतो."

त्याने खिशातून आपली पट्टी काढली. पिवळा अंगठा भुवईवर दाबला. आता त्याचा हात पक्का बसला होता, चूक व्हायची सोयच नव्हती. पापणी उचलली आणि मध्येच थांबली. तीळ झाकलेलाच राहिला.

सहा.

त्याचं तोंड खर्रकन उतरलं. रंगूबाईने मान मागे टाकून, त्या फटीतून ते बघितलं. आणि तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमी नका घोर लावून घेऊ," ती म्हणाली. "ताई, मला घटकाभर कुठं तरी आडवं होऊ द्या. मंग मोजा. तेरा भरतील. घरी बी मी असंच करते."

सुवर्णाताईंची पट्टी हातातच राहिली. "घरी असंच म्हणजे?"

"हे मळ्यातून यायच्या आधी मी घरी येऊन निजते तासभर. सायकलची घंटी वाजली का उठायचं, तोंडावर पानी मारायचं आन् पायरीवर बसायचं."

"रोज?"

"रोज. पयले दोन दिस नव्हते निजले. तवा सात आन् आठ भरले. माळा मंग मागून ओवायची, हे फाट्यावर गेले का. बोटानी पापनी धरून."

"अहो मावशी, पण का? दुखणं लपवायचं होतं का तुम्हाला?"

रंगूबाईने मांडीवरच्या माळेतलं एक फूल उगीचच नीट केलं. "सात भरले त्या सांजंला यांनी अर्धी भाकर टाकून दिली. तोंड बगवत नव्हतं यांचं. म्हनलं, आपल्या पापन्यांपायी या मानसाला कशाला जाळायचं? निजलं का तेरा येत्यात ना, तर निजू. तेरा म्हनलं का कसे हासायचे, ताई! तीस वर्सांत माझ्याकडं बगून इतके कधी हासले नव्हते."

"आगं पन रंगू..." मोतीराम म्हणाला.

"पन काय? खरंच डोळे मिटत व्हते तवा तुमी सोंग म्हनले. चारचौघींत म्हनले. मंग बरं असल्याचं सोंग केलं, तर ते तुमाला खरं वाटलं." तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. आज दव जास्त पडलं हो, असं सांगावं तसं तिने ते सांगितलं.

मोतीराम बाकावर मट्‌कन बसला आणि रडायला लागला. पटका डोळ्यांना लावून, हुंदके देऊन, सगळ्या दवाखान्यासमोर. पेशंट बघत होते, बघेनात का. त्याला तो दसऱ्याचा दिवस, ते हसणं, तिचं ते मुकाट पुढचं फूल उचलणं, सगळं दिसत होतं. "चुकलं माझं रंगू," तो म्हणाला. "लय चुकलं." घराण्यात रीत नव्हती, ती त्या दिवशी सुरू झाली.

सुवर्णाताईंनी डॉक्टरांना ऑपरेशनच्या खोलीतून बोलावून आणलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मोतीरामने आपणहून फाडलेल्या पानाचंही सांगितलं. "म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून मला गुंडाळलंत की!" डॉक्टर म्हणाले. पण रागवायला त्यांना जमलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि रंगूबाईला विचारलं, "संध्याकाळी भाकरी चावताना जबडा दुखतो का हो? थकतो?"

रंगूबाईने मोतीरामकडे बघितलं. मग म्हणाली, "व्हय. म्हनून दुधात कुस्करून खाते."

तेही याला दिसलं नव्हतं. समोर बसून जेवत होता, तरी.

डॉक्टरांनी रबरी हातमोज्यात बर्फाचे खडे भरून आणायला सांगितले. "या आजारात थकलेल्या स्नायूला गारव्याने थोडा वेळ बळ येतं," ते म्हणाले. रंगूबाईने डोळे मिटले. सुवर्णाताईंनी तो थंडगार हातमोजा डाव्या पापणीवर धरला आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. दोन मिनिटं. मोतीरामला वाटलं, या दोन मिनिटांत आपला जीव जाणार.

"उघडा."

उजवी पापणी होती तिथेच होती. डावी वर गेली. चांगली वर गेली, आणि पांढऱ्यात तो बारीक तीळ दिसला.

"दिसला!" मोतीराम ओरडला. "तीळ दिसला!"

डॉक्टरांनी ऑपरेशनच्या यादीतल्या रंगूबाईच्या नावावर आडवी रेघ ओढली. थकण्याचाच आजार. छातीचा फोटो काढायचा, नसांच्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि चार-चार तासांनी गोळी. आजार मुळापासून जाईल असं नाही, पण आटोक्यात राहील, ते म्हणाले. मग चष्म्याच्या वरून बघत पुढे म्हणाले, "आणि मावशी, आकडा वाईट आला तरी तो आम्हाला हवाच असतो. तोच तर कामाचा."

"आमाला नाय सांगितलं कुनी," रंगूबाई म्हणाली. आणि खरंच, कोणी सांगितलं नव्हतं.

गोळ्यांनी गुण आला. संध्याकाळी दहा भरू लागले, अकरा भरू लागले. रंगूबाई पुन्हा दोन्ही हातांनी माळा ओवू लागली. जेवताना मोतीराम तिच्या ताटाकडे लक्ष ठेवू लागला, इतकं की ती वैतागून म्हणायची, "माझे घास मोजू नका, तुमचे खा." त्याने मनाशी एक पण केला होता. पुन्हा आपलं तोंड पडू द्यायचं नाही. दाढीच्या आरशासमोर उभा राहून तो हसायची सवय करायचा. नवसाबाईने एकदा बघितलं आणि याला काय बाधलंय, असं रंगूबाईला येऊन विचारलं.

संक्रांतीच्या सुमाराला थंडी कडाक्याची पडली. रंगूबाईला खोकला झाला, आणि खोकल्याने हा आजार उचल खातो असं डॉक्टरांनी बजावलंच होतं. त्या संध्याकाळी मोतीराम घंटी वाजवत आला. ती पायरीवर बसली होती. तोंड धुतलेलं नव्हतं, पदराला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. त्याने अंगठा भुवईवर ठेवला, पट्टी लावली.

"किती?" तिने विचारलं.

"सहा!" मोतीराम म्हणाला, आणि सवय केलेलं हसू त्याने तोंडभर पसरलं. सगळे दात दिसले.

रंगूबाई मान वर करून त्या हसण्याकडे बघत राहिली. "आवो, पोटात दुखतंय का तुमच्या?"

"नाय. कुठं काय!"

"मंग ते दात झाका. उद्या नाशकाला जाऊ, डॉक्टरला सहा दावू," ती म्हणाली. "आन् तोंड पाडायचं तर पाडा खुशाल. मी काय आता निजनार नाय."

मोतीरामने तोंड पाडलं. चांगलं पाडलं, डोळ्यांतून पाणी आलं तेही येऊ दिलं. रंगूबाई अर्ध्या मिटल्या पापण्यांखालून ते सगळं बघत बसली. त्याचा अंगठा अजून तिच्या भुवईवरच होता.